वर्षभर न फोडलेला नारळ

राहीच्या डाव्या पायातला काळा दोरा गेल्या दत्तजयंतीला बांधला, तेव्हा त्यात सगुणाची दोन बोटं सहज जात होती. आता करंगळीचं नखही जात नव्हतं. दोरा तोच होता, त्याच सात गाठींचा. पाय वाढला होता. पडवीत बसून सगुणाने तो पाय मांडीवर घेतला, विळीच्या टोकाने दोरा हलकेच तोडला आणि त्याखाली उमटलेला पांढुरका वळ अंगठ्याने चोळला. वळ गेला नाही. सव्वादोन वर्षांच्या राहीने पाय ओढून घेतला आणि स्वतःच त्या वळाकडे वाकून पाहिलं, जणू तिथे काहीतरी हरवलं होतं.

अंगणात नारळ सोलल्याचा आवाज आला. कर्र, मग थांबणं, मग पुन्हा कर्र. सगुणाने मान वर केली. तिचा नवरा हिरामण जमिनीत रोवलेल्या पहारीवर नारळ दाबत होता आणि पाठ मुद्दाम घराकडे केली होती.

"त्यो कुठला नारळ?"

"फळीवरचा."

"सोलायला कुणी सांगितलं?"

"आयनं," हिरामण पाठमोराच म्हणाला. "आज फोडायचा हाय ना? देवळात साल कुठं सोलत बसायची!"

"फोडायचा हाय, ह्ये कुणी ठरवलं?"

पहारीवरचे हात थांबले. मग पुन्हा कर्र झालं.

धरमतरच्या खाडीकाठी, खारपाटातल्या त्या गावात मोठी मागणी तोंडी होत नसे, नारळावर होई. मुलगी मागायची असो, जमीन मागायची असो, नाहीतर दत्तक मूल, न सोललेला नारळ समोरच्याच्या ओटीत घालायचा आणि मागणं बोलून टाकायचं. समोरच्याने नारळ फोडून खोबरं वाटलं की होकार. नारळ परत केला की नकार. ज्याला जे करायचं ते तो महिन्याभरात करून मोकळा होई. दोन्ही न करता नारळ नुसता ठेवून दिला तर काय, याचा नियम नव्हता. तसं आजवर कुणी केलंच नव्हतं.

सगुणाने केलं होतं. गेल्या दत्तजयंतीला, चौलच्या जत्रेत, तिच्या मोठ्या जावेने, कमळने, सगळ्यांसमोर तिच्या ओटीत नारळ घातला आणि राहीला मागितलं. कमळचा नवरा चांगदेव, म्हणजे हिरामणचा थोरला भाऊ, मुंबईला गोदीत कामाला होता. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. ओटीत आलेला नारळ खाली टाकता येत नाही, म्हणून सगुणाने तो धरला. घरी आणला. स्वयंपाकघरात मिठाच्या रांजणावरच्या फळीवर ठेवला, आणि त्याविषयी एक अक्षर बोलली नाही.

दर पुनवेला मात्र ती तो उतरवून कानाशी हलवत असे. पौषात आत पाणी डुचमळत होतं. चैत्रात, मिठागरावर राशी पडू लागल्या त्या दिवसांत, आवाज उणावला. श्रावणात नारळ मुकाच झाला आणि हाताला हलका लागू लागला. कार्तिकात त्याच्या आतून पहिल्यांदा कोरडी टकटक ऐकू आली. पाणी पार आटून खोबरं करवंटीपासून सुटलं होतं, आत गोटा झाला होता. पाणी जातं आणि मागे उरतं ते घट्ट होत जातं, हे मिठागरावरच्या बाईला कुणी शिकवायची गरज नव्हती.

घरात मात्र तिच्या गप्प बसण्याचा अर्थ केव्हाच लावून झाला होता. सून बोलत नाही, म्हणजे सून कबूल आहे. भाद्रपदात तिला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा तर सासूने, आवडाबाईने, चांगदेवला पत्र लिहवून घेतलं, की यंदा दत्ताच्या पायरीवर नारळ फोडू, पोरगी घेऊन जा.

आता आवडाबाई नवं लुगडं नेसून दारात उभी होती. "अगो, जत्रेला चाललीस का मयताला? तोंड बघ कसं केलंस त्ये."

"तोंड हाय तसंच हाय, आत्याबाय."

"पाचवा सरत आला तुला. एक हातात, एक पोटात. कमळचे दोन्ही हात रिकामे. देवानं डोळं दिल्यात ना?"

"दिल्यात. म्हून तर बघते," सगुणा म्हणाली. तिने सोललेला नारळ हिरामणच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या पिशवीत, राहीच्या झबल्यांच्या खाली ठेवला.

"दे इकडं, मी घेते," आवडाबाई म्हणाली.

"नको. माझ्या ओटीत घातला होता."

एस.टी.ने अलिबाग आणि तिथून दुसऱ्या एस.टी.ने चौल. राही पहिल्या गाडीत ड्रायव्हरच्या भोंग्याला प्रत्येक वेळी उत्तर देत राहिली आणि दुसऱ्या गाडीत बसल्याबरोबर झोपली. चौलला उतरल्यावर जागी झाली ती रडतच. दत्ताच्या डोंगराच्या पायथ्याशी, नारळी-पोफळीच्या वाड्यांपर्यंत जत्रा पसरली होती. मिठाईची, घोंगड्यांची, भांड्यांची दुकानं. लाकडी घोड्यांची चक्री. रुळांवर गोल फिरणारी छोटी आगगाडी. वेडेवाकडे आरसे लावलेला तंबू. फळ्यांच्या विहिरीत गोल गोल फटफटी चालवणारा एक माणूस, ज्याला बघायला लोक फळ्यांवर ओणवे झाले होते. आणि सगळ्याच्या वर आठ पाळण्यांचा आकाशपाळणा, जो चार माणसं हातांनी ओढत होती.

त्या आकाशपाळण्याखालीच चांगदेव आणि कमळ वाट बघत उभी होती. आदल्या दिवशी ती दोघं लाँचने रेवसला उतरून आली होती. चांगदेवने इस्त्रीची पँट घातली होती. कमळने राहीला पाहिलं आणि आधी पिशवीच उघडली. फुलाफुलांचा फ्रॉक, रिबिनी आणि खाली कागदात गुंडाळलेले, बक्कल असलेले लाल बूट.

"ये गो माझी बाय, मोठ्या आयकडं ये."

राही गेली. तिथेच, धुळीत बसून, कमळने तिच्या पायात बूट चढवायला घेतला. बोटं गेली, चवडा गेला, टाच अडली. कमळने जोर लावला. टाच अर्धा बोट बाहेरच राहिली.

"असं कसं? मी माप धाग्यानं घेतलं होतं. गाठ मारून ठेवला होता धागा."

"कधी घेतलं होतं?" सगुणाने विचारलं.

"मागल्या जत्रेत."

"वरीस झालं जाऊबाय. पाय वाढतो."

तिने ते टोचून म्हटलं नव्हतं, पण कमळच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे सुकलं. तिने बूट काढला, पुसला आणि पुन्हा कागदात गुंडाळला. "मुंबईला बदलून देतो त्यो दुकानवाला," ती म्हणाली.

मग जत्रा सुरू झाली. जत्रेत बघण्यासारखं जे जे होतं, त्या सगळ्याकडे राहीने पाठ फिरवली. चक्रीच्या घोड्यावर बसवलं तर ती आक्रसून किंचाळली. उतरवलं तेव्हा घोड्याच्या पोटाखाली बसून, वंगणाचा काळा थेंब कसा लोंबतो ते बघत राहिली. आरशांच्या तंबूत सगळी मोठी माणसं स्वतःची लांबट तोंडं बघून हसत होती. राहीला तंबूच्या कनातीखालून आत आलेली एक कोंबडी सापडली. चांगदेवने तिला कडेवर घेऊन फटफटीची विहीर दाखवली. फटफटीचा आवाज वाढला, लोकांनी श्वास रोखला, आणि चांगदेव एकदम "अरे, अरे!" करत मागे सरला. इस्त्रीची पँट कमरेपासून गुडघ्यापर्यंत ओली झाली होती.

"झाला आशीर्वाद," आवडाबाई पदर तोंडाला लावून म्हणाली. "आता तर पोरगी तुझीच रं बाबा."

सगळे हसले. चांगदेवही हसला. तो वाईट माणूस नव्हता.

सरबताच्या गाडीपाशी पाण्याचं पिंप गळत होतं आणि खाली हातभर चिखल झाला होता. राहीने तो पाहिला आणि तिला जत्रा सापडली. ती चिखलात उतरली. एक पाय उचलून टाच आधी टेकवायची, मग चवडा दाबायचा, मग दुसरा पाय त्याला लागून, मधे जागा न सोडता. टाच, चवडा. टाच, चवडा. एका टोकाला पोचली की वळून परत.

"एवढी आगगाडी दाखवली, घोडे दाखवले," चांगदेव कपाळाला हात लावून म्हणाला, "आणि ही चिखल तुडवते!"

"काय करते गो ती?" कमळने विचारलं.

"वाफा तुडवते," सगुणा म्हणाली.

हंगामाच्या आधी मिठाच्या वाफ्याची जमीन अशीच पायांनी तुडवून घट्ट करावी लागते, म्हणजे मीठ मातीत मिसळत नाही. गेले पंधरा दिवस सगुणा आणि हिरामण सकाळपासून तेच करत होते आणि राही बांधावर बसून बघत होती. तिला कुणी शिकवलं नव्हतं. सगुणा तिच्या पावलांकडे बघत राहिली. पावलाला पाऊल अगदी नेमकं लागत होतं. वाकडं पडलेलं एक पाऊल राहीने परत येऊन पुन्हा दाबलं.

"पाय धुवा तिचे," कमळ म्हणाली. "मुंबईत असं नाय चालायचं."

आकाशपाळण्यात सगुणाने बसायचं नाही, हे आवडाबाईने आधीच जाहीर केलं होतं. पोटुशी बाईने जमीन सोडू नये. म्हणून राही कमळच्या मांडीवर बसली, शेजारी चांगदेव बसला, आणि माणसांनी पाळणा ओढला. सगुणा खाली उभी राहिली. घोड्यावर किंचाळणारी पोर इथे नक्की रडणार, हे तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ती त्याची वाटच बघत होती. पाळणा वर गेला. वर पोचला. राहीने दोन्ही हात हवेत उडवले आणि ती हसली. इतक्या जोरात, की खाली ऐकू आलं. कमळनेही हसत तिला घट्ट धरलं होतं.

सगुणाने फेरे मोजले. अकरा झाले. अकरापैकी एकाही फेऱ्यात राहीने खाली, आईकडे, पाहिलं नाही.

"बघ," आवडाबाई शेजारून म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "लेकरू जिथं सुख मिळंल तिथं रमतं. तू उगाच जीव जाळतेस."

रडली असती तर सोपं झालं असतं, हे सगुणाला कळलं. रडली असती तर तिच्या रडण्याकडे बोट दाखवता आलं असतं. आता बोट दाखवायला काहीच नव्हतं.

दुपारी सुपारीच्या वाडीच्या कुंपणाला लागून त्यांनी चटई पसरली. तांदळाची भाकरी, वांग्याचं भरीत, कमळने मुंबईहून आणलेला शेव-चिवडा. राहीने भाकरीचा एकेक तुकडा सगळ्यांच्या तोंडात कोंबायचा खेळ काढला.

"कोणाला देतेस गो?" आवडाबाईने कमळकडे बोट दाखवलं. "ही कोण? आय. म्हण, आय."

"आय," राही म्हणाली आणि तुकडा कमळच्या तोंडात घातला.

"शाब्बास! आणि ही?" बोट सगुणाकडे वळलं. "ही काकी. म्हण, काकी."

"काकी," राहीने म्हटलं आणि नवा शब्द गोड लागला म्हणून पुन्हा म्हटलं. "काकी, काकी, काकी!"

चांगदेव खदखदून हसला. हिरामण हसला नाही, पण उठून पाणी आणायला गेला. सगुणाने राहीच्या हातातला तुकडा तोंडात घेतला, नीट चावला, गिळला आणि म्हणाली, "मी काकी न्हाय गो. मी तुझी आय." राही तोवर मुंगळ्याच्या मागे गेली होती.

जेवणानंतर राही झोपली. ती कमळच्या मांडीवर झोपली, कारण कमळने मांडी आधी पुढे केली. पुरुष विडी ओढायला गेले, आवडाबाई लवंडली. दोघी जावा उरल्या.

"सगुणे, बोल काहीतरी," कमळ हळू आवाजात म्हणाली. "शिवी दे वाटल्यास. वरीसभर तू मला एक शब्द दिला नाहीस. नारळ फोडला नाहीस, परत धाडला नाहीस. चाळीच्या जिन्यात टपालवाल्याचा आवाज आला की माझं काळीज तोंडाशी येई."

"मला म्हाईत नव्हतं."

"तुला कसं म्हाईत असणार? खोली तिसऱ्या माळ्यावर. मी खिडकीला जाळी बसवून घेतली. ह्यांना म्हटलं, आधी जाळी, मग बाकीचं. पोरगी चढली-बिढली तर?" तिने राहीच्या कपाळावरची माशी हाकलली. "म्युनिसिपालटीची शाळा दोन गल्ल्या सोडून हाय. मधे मोठा रस्ता लागत न्हाय. मी चालून बघितलं."

सगुणाला वाटलं, हिने जाळी बसवली नसती तर बरं झालं असतं. कमळ राहीला जीव लावील, खाऊ-पिऊ घालील, शाळेत घालील. यात कुठे खोट निघते का, ते सगुणाने वर्षभर तपासलं होतं. खोट नव्हती. तिच्या मिठागरावर शाळा नव्हती, डॉक्टर पेणला होता आणि पावसाळ्यात तर पेणही लांब पडे. तिने प्रत्येक वेळी ही सगळी कारणं एका बाजूला ठेवून पाहिली होती, आणि दुसऱ्या बाजूला ठेवायला तिच्याकडे कारण असं एकही नव्हतं. तरी पारडं हललं नव्हतं.

"जाऊबाय," ती म्हणाली, "तुमच्यात खोट असती तर मी मागंच बोलले असते."

कमळने तिच्याकडे पाहिलं. तिला त्यातून काय समजलं कोण जाणे. तिने मान डोलावली आणि हसून डोळे पुसले.

चार वाजता सगळे दत्ताच्या पायऱ्या चढायला लागले. राहीची झोप झाली होती आणि तिला कुणाच्याही कडेवर जायचं नव्हतं. "मी," ती म्हणाली. एक पायरी, दोन्ही हात टेकून. मग बसायचं. मग वळून, आपण किती चढलो ते बघायचं. मग दुसरी. मागून गर्दी येत होती. लोक कुरकुरत, वाट काढत पुढे जात होते.

"उचल तिला," आवडाबाई वरून ओरडली. "आरती चुकंल!"

"चुकू दे."

"काय म्हणालीस?"

"चुकू दे म्हटलं. ती चढते तवर मी थांबणार."

आवडाबाईने असं उत्तर या सुनेकडून ऐकलं नव्हतं. ती दोन पायऱ्या खाली उतरली. "सगुणे, नारळ दे माझ्याकडं. तू ये सावकाश तुझ्या लाडकीला घेऊन. आम्ही वर नारळ फोडून प्रसाद घेतो."

"नारळ माझ्यासंगं येईल."

"घ्या! ऐकलं का रं हिरामण? बायको बघ तुझी."

हिरामणने बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि मग समुद्राच्या बाजूला पाहिलं. डोंगरावरून रेवदंड्याची खाडी दिसते, तिकडे तो जरा जास्तच वेळ बघत राहिला.

राही पायरीवर बसून सगुणाच्या पिशवीत हात घालत होती. झबली बाहेर पडली. मग नारळ. तिने तो उचलला तसा आतला गोटा टकटकला. ती थबकली. पुन्हा हलवला. टक, टक. दिवसभर घोडा, आगगाडी, आरसे, फटफटी, कशानेही झाला नव्हता एवढा मोठा आनंद तिच्या तोंडावर उमटला.

"अगो, काढून घे!" आवडाबाई ओरडली. "मागणीचा नारळ खेळायला देतात का?"

"माझ्या ओटीतला हाय. मी दिला."

"बिथरलीस का काय तू आज? कमळ, घे गो तिच्या हातातनं."

कमळ वाकली आणि हात पुढे केला. "दे बाय, आयला दे." राहीने नारळ छातीशी धरला, मान हलवली, आणि मग एक गोष्ट करून बघितली, जी त्या वयाची पोरं प्रत्येक गोल वस्तूची करून बघतात. तिने तो पायरीच्या कडेला ठेवला आणि सोडला.

टक. टक. टक. नारळ खाली निघाला. लोक पाय उचलून बाजूला झाले. सगुणा जागची हलली नाही. नऊ पायऱ्या नारळ अख्खा गेला. दहाव्या पायरीच्या दगडी कडेवर त्याची करवंटी तडकली, दोन तुकडे उडाले आणि काहीतरी गोल, तपकिरी, आणखी दोन पायऱ्या घरंगळून थांबलं.

"पल्ला!" राहीने टाळ्या वाजवल्या.

आवडाबाईचे हात जोडले गेले. "फुटला! दत्तानं फोडला गो! बघा, लोक हो, आमचा मागणीचा नारळ. आयनं वरीसभर फोडला न्हाय, लेकीनं आपल्या हातानं फोडला. आपण होऊन म्हणाली, मी जाते." येणारे-जाणारे थांबले. कुणा म्हाताऱ्याने "दिगंबरा" म्हणत मान तुकवली. "पायरीवर फुटला म्हणजे देवानंच घेतला," एक बाई म्हणाली.

कमळ धावत खाली गेली होती. तिने करवंटीचे तुकडे पदरात घेतले, मग तो गोल गोटा उचलला. "खोबरं वाटा," आवडाबाई म्हणाली. "पहिला तुकडा राहीला."

"आय," हिरामण म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. दिवसभरात तो पहिल्यांदाच आपणहून बोलत होता. तो खाली कमळपर्यंत गेला, तिच्या हातातला गोटा घेतला आणि सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला. "गोटा अख्खा हाय. चीर पण न्हाय. करवंटी फुटली, खोबरं कुठं फुटलंय?"

"असं कधी असतं काय?" चांगदेव म्हणाला. "करवंटी फुटली म्हणजे नारळ फुटला."

"वाटायचं असतं त्ये खोबरं," हिरामण म्हणाला. "त्ये अख्खं हाय. म्हणजे फुटला असं न्हाय म्हणता येत. फुटला न्हाय असंपण न्हाय म्हणता येत." तो सगुणाकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत एक विनवणी होती. आयुष्यात पहिल्यांदाच तो तिच्यासाठी एक वाट काढत होता. "मी म्हणतो, गोटा फळीवर ठेवू. पुढल्या दत्तजयंतीला बघू. तवर बाळंतपण पण होईल हिचं."

"पुढल्या वर्साला?" कमळ म्हणाली. तिचा आवाज फाटला होता.

आवडाबाई विचारात पडली. म्हातारा म्हणाला, त्याच्या लहानपणी गोटा निघालेला नारळ देवाला चालत नसे. मघाची बाई म्हणाली, चालतो, उलट शुभ असतो. चांगदेव दोघांशीही वाद घालू लागला. पायऱ्यांवर वर-खाली मिळून वीसेक माणसं जमली, आणि नारळ फुटला की नाही हे ठरवायला ती सगळी तयार होती.

सगुणाने राहीला उचललं. राहीला आता उचलून घेतलेलं चाललं, कारण तिला गोटा हवा होता. सगुणा एकेक पायरी उतरली, पोट सांभाळत. गर्दी बाजूला झाली. ती हिरामणपाशी थांबली आणि त्याच्या हातातून गोटा घेतला. गुळगुळीत, कोरडा, हलका. वर्षाचं सगळं पाणी जाऊन जे उरलं होतं ते एवढं होतं.

हिरामण हळूच म्हणाला, "ठेव पिशवीत. पुढल्या वर्सापर्यंत कुणी काय म्हणणार न्हाय."

एक वर्ष आणखी. तोवर राही सव्वातीन वर्षांची होईल. कमळ जिन्यातल्या टपालवाल्याच्या पावलांकडे कान लावून बसेल. सगुणा पुनवेला फळीवरून हा गोटा उतरवील, पण तो आता काही सांगायचा नाही, त्यात वाजायला काही उरलं नव्हतं.

"ह्यो वाद थांबवा," ती म्हणाली. आवाज फार मोठा नव्हता, पण चांगदेव बोलता बोलता थांबला. "नारळ उंचावरनं दगडावर पडला की फुटतो. त्यात देवाचं काय न्हाय, पोरीचं काय न्हाय. फुटला म्हणा, न्हाय फुटला म्हणा, मला दोन्ही सारखंच."

"सगुणे!" आवडाबाई म्हणाली.

"थांबा आत्याबाय. वरीसभर मी गप बसले. तुम्ही त्याला व्हय म्हटलंत, त्यात तुमची चूक न्हाय. चूक माझी." ती कमळसमोर जाऊन उभी राहिली. कमळच्या पदरात करवंटीचे दोन तुकडे होते. सगुणाने गोटा त्यांच्या मधे ठेवला. राहीने तो घ्यायला हात पुढे केला, तेव्हा सगुणाने तिचा हात आपल्या हातात धरला. "खिडकीला जाळी बसवण्याआधी मी तुम्हाला ह्ये सांगायला पायजे होतं, जाऊबाय. तुमच्यात काय उणं न्हाय. माझ्याकडं सांगायला कारण पण न्हाय." वरून आरतीच्या घंटा सुरू झाल्या होत्या, म्हणून ती पुढचं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "राही माझी हाय. मी ती देणार न्हाय. आज न्हाय, आणि पुढल्या वर्साला पण न्हाय."